नरक्याला विचारलं का?

नर्स किर्तीनं सलाईनची बाटली स्टँडला अडकवली, तसा कमळाबाईनं हात झटकन पदराखाली घेतला.

"मना नको."

खाटेशेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, बुधाजीनं, बाटलीकडं बघितलं. आधीच्या केमोनं गाठ हटली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी आज हे दुसरं औषध काढलं होतं. याच्यापुढं त्यांच्याकडेही फारसं काही उरलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

चूक किर्तीची. पण ती बिचारी धीर द्यायला म्हणून बोलून गेली होती, "आजी, घाबरू नका. हे औषध आपल्याच घाटातल्या झाडापासून बनतं. नरक्या म्हणतात त्याला."

नरक्या कमळाबाईला लहानपणापासून माहीत होता. तिची आई बदलापूरकडच्या गावात झाडपाला द्यायची. आदल्या संध्याकाळी झाडापुढं मूठभर तांदूळ ठेवायची, दुखणाइताचं नाव सांगायची, आणि मगच सकाळी सालीला हात लावायची.

"झाराला इचारल्याबिगर घेतला त गुन येत नाय," कमळाबाई म्हणाली. "याला कोनी इचारला? माजा नाव कोनी सांगला?"

किर्ती आधी हसली, मग समजावून थकली. कमळाबाईचा हात काही बाहेर येईना.

"मी सांगतो," बुधाजी म्हणाला.

तो उठला खरा, पण बाटलीसमोर उभा राहिल्यावर त्याची जीभ अडकली. लग्नात घास भरवताना बायाबापड्यांनी अडवून घ्यायला लावलं, तेवढंच काय ते बायकोचं नाव त्यानं घेतलं होतं. पुढचा सगळा संसार 'अगो'वर निभावला. इथं तर शेजारच्या खाटांवरची माणसंही माना वर करून बघत होती.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले.

"नरक्याबाबा, तुला न इचारता आनला, रागावू नको. बाई लय भली हाय. माजी हाय." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "कमळा. तिचा नाव कमळा. तिला बरी कर, बाबा."

कमळाबाईनं डोळे मिटून घेतले. हात मात्र हळूच पदराबाहेर आला. किर्तीनं तो धरला, सुई टोचली, पट्टी चिकटवली. थेंब पडू लागले.

"अवो," कमळाबाई डोळे न उघडताच म्हणाली, "परत एकदा सांगा. झार लांब हाय. त्याला आयकू आला नसल."