हाडाचा आवाज

गेम कंपनीकडून चौथ्यांदा तोच शेरा आला: ‘हाड खोटं वाटतं.’

सुहासनं हेडफोन काढून टेबलावर आपटले. मारतहळ्ळीतल्या फ्लॅटची मागची खोली त्यानं गाद्या-रजया लावून बंद करून घेतली होती, आणि गेले दोन दिवस तो तिथे भाज्यांच्या मुळावर उठला होता. गेमसाठी आवाज तयार करून देणं हे त्याचं काम, आणि हा गेम तलवारींचा नि राक्षसांचा. मांस फाटल्याचा आवाज पिकल्या पपईनं दिला, रक्त उडाल्याचा ओल्या पंच्यानं, ते दोन्ही पसंत पडले. घोडं अडलं ते राक्षसाच्या मनगटापाशी. शेवग्याच्या शेंगा झाल्या, नवलकोल झाले, काकड्या झाल्या. राक्षस आजवर कुणी पाहिलेला नाही, पण त्याचं हाड मात्र अगदी खऱ्यासारखं मोडलं पाहिजे! तेही आज सहाच्या आत, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर मागे येताना पीं-पीं करू लागला. आता रेकॉर्डिंग बंद. सुहासनं कपाळावर हात मारून घेतला आणि तो बाहेर आला.

स्वयंपाकघरात त्याची आई, प्रेमाताई, रिकामी टोपली घेऊन उभ्या होत्या.

“शेंगा कुठायत?”

“मोडल्या.”

“सगळ्या? मग आमटीत काय घालू, तुझं डोंबल? त्या भाजीवालीपुढे मोडक्या कानडीत ‘स्वल्प, स्वल्प’ करत एकेक निवडून आणली होती मी.”

“आई, इथे माझं प्रोजेक्ट हातातून जायची वेळ आलीय आणि तुला आमटी सुचतेय.”

“काम आहे म्हणून तर दोन दिवस गप्प आहे. घराचा नुसता खाटीकखाना केलायस.”

त्यांनी टोपली उजव्या हातानं वर ठेवली. डावं मनगट मार्चपासून जरा वाकडंच होतं, त्या हाताला भार सोसत नव्हता. सुहासचं लक्ष त्या मनगटाकडे गेलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

“आई, तू बाथरूममध्ये पडलीस ना, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज कसा आला गं? कोरडा, कट्‌कन? की जरा ओलसर, जाड?”

प्रेमाताई डाळ धुवायला लागल्या.

“अगं, आठवून सांग ना. खरं मोडलेलं हाड ऐकलेलं दुसरं कुणी नाहीये माझ्या ओळखीत.”

“हाडाचा आवाज नाही आठवत मला,” त्या म्हणाल्या. “तुला हाका मारत होते, तेवढं आठवतं.”

“आलो की मी लगेच.”

“चहा प्यायला बाहेर आलास, तेव्हा आलास. तोवर पाऊण तास झाला होता.” त्यांनी डाळीचं पातेलं पुढे ओढलं. “तू कामात होतास, म्हणून बोलले नाही कधी. जा, टँकर गेला बघ. मी नुसतं वरण करते.”

सुहास खोलीत येऊन बसला. साडेपाच वाजले होते. त्याची एक सवय होती. मूळ रेकॉर्डिंग तो कधी फेकत नसे, उलट त्यात काय बिघडलंय ते फाईलच्या नावातच लिहून ठेवत असे. त्यानं मार्चचा फोल्डर उघडला. तारीख त्याला पाठ होती, आईचा एक्स-रे त्याच दिवशीचा होता. त्या दुपारीही तो या खोलीत हाडंच मोडत बसला होता.

त्यानं हेडफोन कानांवर चढवले आणि फाईल सुरू केली.

नवलकोल मोडला. थोडा वेळ काही नाही. पुन्हा मोडला. आणि मधल्या शांततेत भिंतीपलीकडून, गाद्या-रजयांतून गाळून आल्यासारखं, कुणीतरी बारीक आवाजात म्हणत होतं, “सुहास... अरे सुहास...”

फाईलचं नाव त्याच्या समोर होतं. त्यानंच दिलेलं.

‘नवलकोल ३. हाड झकास. मागे शेजारच्यांचा टीव्ही, तो पुसून टाकणे.’