मागच्या स्प्रिंगा

“वहिनी, हे साहेबांनाच विचारा. मी बोल्ट पिळतो, दुसऱ्यांचे संसार नाही,” तुकाराम म्हणाला आणि परत बॉनेटखाली वाकला.

मृणालिनी जागची हलली नाही. दुबईतल्या रास अल खोरच्या त्या गॅरेजचा पत्रा सकाळी दहालाच तापला होता. नवऱ्याला, दत्तप्रसादला, ताप होता म्हणून ती गाडी घ्यायला आली होती. “बिल तो मला व्हॉट्सअॅप करेल, तू फक्त चावी घे,” असं त्याने दोनदा बजावलं होतं. पण बिल टेबलावरच पडलेलं होतं. इंजिनाचा रिमॅप. मोठा इंटरकूलर. मागच्या स्प्रिंगा, हेवी ड्यूटी. बेचाळीसशे दिरहॅम.

“म्हणजे लाख रुपये झाले,” ती म्हणाली. “घरच्या डिझेल सेडानवर? रेसला उतरणार आहे का तो?”

“रेसवाला टॉप स्पीड मागतो, वहिनी. साहेब म्हणाले, टॉप स्पीडला हात लावायचा नाही. एसी फुल, गाडी भरलेली, तरी सिग्नलवरून झटक्यात उचलली पाहिजे. डिझेलला ते जमतं. सॉफ्टवेअर बदललं की खालच्या आरपीएमलाच ताकद येते.”

“भरलेली? कशाने भरलेली?”

तुकारामने पुसलेले हात पुन्हा पुसले.

“घरात आम्ही तीन माणसं. मुलगी अठ्ठावीस किलोची. मागच्या स्प्रिंगा कोणासाठी टाकल्या, तुकारामभाऊ?”

“साहेब चांगले आहेत, वहिनी.”

कोणी विचारलं नसताना माणूस दुसऱ्याच्या नवऱ्याला चांगलं म्हणतो, तेव्हा बाईने काय ते समजायचं असतं. मृणालिनीने चावी घेतली.

दत्तप्रसाद अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर होता. रोज शारजाहून जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर. घर सोडायचा पहाटे पाचला. ऑफिस आठचं, आणि त्या वेळी रस्ता पावणेदोन तासांचा. मधला तास-सव्वा तास कुठे जात होता? एवढे दिवस तिने विचारलं नव्हतं. आता प्रश्न डोक्यातून निघेना.

परत येताना तिने गाडी बाजूला घेऊन मागची सीट चाचपली. फटीत एक केसांची पिन सापडली. एक लांब, सरळ केस. मृणालिनीचे केस खांद्यापर्यंत, कुरळे.

संध्याकाळी मिहिकाला क्लासला सोडलं, तर तीही नाक मुरडून म्हणाली, “ममा, द बॅक सीट स्मेल्स लाइक समवन एल्स.”

पोरीलासुद्धा कळलं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी दत्तप्रसाद अंगावर शाल घेऊन चहा पीत बसला होता. मृणालिनीने बिल त्याच्यासमोर ठेवलं.

“काय आहे हे?”

“गाडीचं काम. हायवेला ओव्हरटेक करताना सेफ असतं.”

“आणि स्प्रिंगा?”

“तुला नाही कळणार त्यातलं.”

“बरं. मग मीच एकदा मुसफ्फाला येऊन बघते तुझं ऑफिस. तू पाचला निघतोस, मी मागून कार लिफ्टने येईन.”

कप बशीवर आदळला. “कार लिफ्टचं नाव काढायचं नाही! परक्या माणसाच्या खाजगी गाडीत पैसे देऊन बसायचं? बेकायदा आहे ते. चेकिंगला सापडला की दंड, गाडी जप्त. चांगल्या घरातली माणसं असले धंदे करत नाहीत.”

“ओरडतोस कशाला?”

“ओरडत नाहीये मी.”

एवढी आग कशाची, हे तिला लगेच कळलं. तिने मुसफ्फाला येऊ नये, याची. तिने बिल उचललं आणि पोळ्या करायला गेली.

शेजारच्या विभावरीला तिने सगळं सांगितलं. विभावरी म्हणाली, “अगं, सरळ विचार ना त्याला.”

“विचारलं की खोटं बोलणार. मला बघायचंय. ऑफिसच्या गेटवर उभी राहणार, त्याच्या गाडीतून कोण उतरतं ते बघणार.”

“आणि उतरली कोणी तर?”

“शुक्रवारच्या विमानाची दोन तिकिटं बघून ठेवलीत. मी आणि मिहिका. खलास.”

इथे आलेल्या बाईचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर. संशय तेवढा तिचा स्वतःचा. पुण्याची नोकरी सोडून मृणालिनी इथे आली, ती याच्या शब्दावर. तो शब्दच खोटा निघाला तर शारजात तिचं होतं काय?

बुधवारी रात्री मिहिका विभावरीकडे झोपायला गेली. गुरुवारी पहाटे पाचला दत्तप्रसाद नेहमीसारखा निघाला. मृणालिनी डोळे मिटून पडून राहिली. लिफ्ट खाली गेल्यावर उठली, ड्रेस चढवला, ओढणी डोक्यावरून घेतली. टॅक्सीने मुसफ्फापर्यंत जाणं परवडण्यासारखं नव्हतं आणि बसने वेळेत पोचली नसती. विभावरीने आपल्या फोनवरून, आपल्या नावाने, एका एजंटकडे कार लिफ्टची सीट सांगून ठेवली होती. एजंटचं उत्तर एका ओळीचं होतं: रोल्ला स्क्वेअर, बँकेसमोरचा खांब, पावणेसहा, गाडी थांबणार नाही, तयार राहा.

नीट उजाडलं नव्हतं. मृणालिनी खांबाला चिकटून उभी होती. नवऱ्याने मना केलेली गोष्ट ती लग्नानंतर पहिल्यांदाच करत होती, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. गेटवर काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं. रडायचं नाही. ओरडायचं नाही. त्या बाईला काही म्हणायचं नाही. फक्त त्याच्या डोळ्यांत बघायचं.

हेडलाइट थेट डोळ्यांवर आले. गाडी जेमतेम थांबली आणि मागचं दार आतून उघडलं.

“यल्ला, जल्दी बैठो दीदी, यहाँ रुकना अलाउड नहीं,” नर्सच्या कपड्यांतली एक बाई आत सरकत म्हणाली. तिच्या पलीकडे डबा मांडीवर घेऊन एक जण पेंगत होती, पुढच्या सीटवर आणखी एक. मृणालिनी ओढणी सावरत वाकून शिरली. दार लागतंय तोच गाडी सुटली.

“नयी मॅडम, चेकिंगवाले ने रोका तो सबने एक ही बात बोलने का,” रस्त्यावरची नजर न काढता दत्तप्रसाद म्हणाला. “हम लोग एक ही घर के हैं.”