शेजारच्या गाळ्यातली अक्का

महापालिकेच्या संकुलातले ओस गाळे भरावेत म्हणून नव्या दुकानांना वर्षभराचं भाडं माफ झालं, तेव्हा कोकिळाने जळगावात शिवणकामाचं दुकान थाटलं. अट एकच, दुकान रोज उघडं हवं. म्हणून आठ महिन्यांची रूपाही मशीनशेजारी झोळीत असायची.

रूपा रडली, की भिंतीपलीकडून थोपटल्याचा आवाज यायचा आणि पोर निजायची. तिकडचं शटर कायम खाली असायचं. मागच्या दाराने येत असेल कुणी माउली, असं म्हणून कोकिळाने तिला मनोमन अक्काच करून टाकलं होतं.

आज नव्या दुकानदारासाठी तो गाळा उघडला.

“मागे दार? छे! बारा वर्षं बंद शे हा, ताई,” शिपाई प्रेमराजभाऊ म्हणाले.

आत नुसती धूळ होती, तिच्यावर एक पाऊल नव्हतं.

कोकिळाच्या अंगावर काटा आला. पण बिचारी आता जाईल कुठे? उंबऱ्यातूनच ती बोलून गेली, “अक्का, आते आमनाकडेच ये व माय.”

“कोनसंगे बोली ऱ्हायनी, ताई?” भाऊ हसले.

ती परतली तेव्हा रूपा रडत होती. कोकिळाने तिला घट्ट उराशी धरलं. रूपा आईच्या खांद्यावरून मागे बघून खुदकन हसली.

आणि कोकिळाच्या पाठीवर कुणीतरी हळूहळू थोपटू लागलं.