आंदणातला नाग

लाछीने आंदणात आणलेला नाग अगदी कोवळा होता, आणि उमरकोटच्या गारुडी जोग्यांच्या वस्तीत आल्यापासून तो काही खात नव्हता. तिची सासू धापू रोज त्याचा जबडा फाकवायची आणि जुन्या पुंगीच्या नळीतून अंडं त्याच्या घशात ओतायची.

"सून मरतुकडी, नागही मरतुकडा! व्याह्याने बरी जोडी गळ्यात मारली!"

अंडं आत जायचं, पण नागाचं पोट चपटंच राहायचं. लाछीही जेवेनाशी झाली होती. "पोट भरलंय, अम्मा," एवढंच म्हणायची. तिच्या वाटची भाकरी धापू खुशाल कुत्र्याला घालायची.

त्या सकाळी धापूने टोपलीत जिवंत बेडूक सोडला. नागाने आपणहून झडप घातली. मागचे पाय झाडत बेडूक आत गेला.

"खाल्लं गं! स्वतःच्या तोंडाने खाल्लं!"

पण नागाचं पोट चपटंच होतं.

चुलीपाशी लाछी पोट आवळून बसली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि पोटातून बेडकाचं ओरडणं ऐकू येत होतं.

धापू थोडा वेळ ऐकत राहिली.

"नाग अजून भुकेला दिसतोय," ती म्हणाली, आणि तिने दुसरा बेडूक उचलला.