काकांची पहिली भयकथा

ठाण्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊन नऊ वर्षं झाली. विश्रामकाका तेव्हापासून कळव्यात भाड्याने राहतायत आणि बिल्डर दर दिवाळीत "पुढची दिवाळी नव्या घरात" म्हणतोय. काकांचा जीव रमावा म्हणून पुतणी ऋजुताने जुन्या भयकथांचं पुस्तक आणून दिलं. "काका, सुरुवात ह्यानेच करा. दीडशे वर्षांपूर्वीचे लेखक, पण आजही घाम फोडतात."

पहिल्याच कथेत एक म्हातारा मेल्यावर रोज आपल्या घरात येऊन आरामखुर्चीत बसायचा. काकांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"अहो काका, एवढे घाबरलात?"



"घाबरतोय कसला! नशीबवान माणूस गं. मेल्यावर का होईना, स्वतःच्या घरात बसायला मिळालं."