सैल टॅपेट

"इंजिन गार आहे ना?" मस्कतहून व्हिडिओ कॉलवर पप्पांनी विचारलं.

"बर्फासारखं. उकडतंय ते तुम्हाला," म्हणत मी त्यांच्या लाडक्या रेसिंग बाइकचं झाकण उघडलं.

दर सहा महिन्यांनी टॅपेट बघायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट मापात आणायची, हा त्यांचा नियम. यंदा दहावीतली मीच मिस्त्री. फटीत पोलादी पट्टी जराशी अडत सरकली की माप बरोबर. चारही टॅपेट मी पहिल्याच फटक्यात बसवले. काय भारी वाटलं म्हणून सांगू!

"शाब्बास, मिस्त्रीणबाई. आता माझ्याशिवायही भागेल तुमचं," पप्पा हसले.

माझे हात थांबले. दोन वर्षांत ते एकदाही आले नव्हते. मी फोन पालथा ठेवला, एक टॅपेट मुद्दाम सैल केला आणि झाकण लावून गाडी चालू केली. टक टक टक.

पप्पांना तो आवाज मुळीच सहन होत नाही. "एक सैल राहिलाय गं. परत बसव."

"तो नाही जमत मला."

पप्पांनी ती टकटक पुन्हा कान देऊन ऐकली.

"असू दे तसाच," शेवटी म्हणाले. "मीच येऊन बसवतो."