घरची भाषा

रोहेलिओचं नेहमीचंच: अमेरिकेत चारचौघांत गेला, की आईच्या स्पॅनिशची लाज. लेकीला इंग्रजी-स्पॅनिश अशा दोन्ही भाषांच्या वर्गात घालायचं म्हणून आला, आणि शाळेच्या फॉर्मवर ‘घरची भाषा’ यापुढे दिमाखात पेन्सिलीनं ‘इंग्रजी’ लिहून बसला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “स्पॅनिश बोलणाऱ्या घरांना थेट प्रवेश. इंग्रजी घरांची सोडत निघेल. साठ नावं आहेत.” रोहेलिओसोबत आलेल्या त्याच्या आईनं मागची रांग पाहिली. शेजारचा गोरा डॉक्टर मुलाला घेऊन सकाळपासून ताटकळत होता. नात तिचा हात धरून उभी होती. आजीचं स्पॅनिश सगळं कळायचं तिला, पण उत्तर यायचं टीव्हीच्या इंग्रजीत. म्हातारीनं खिडकीतलं खोडरबर उचलून लेकापुढे ठेवलं. “ज्या भाषेची तुला लाज वाटते, तिच्यासाठी तो डॉक्टर रांगेत उभा आहे. अरे, घरात इंग्रजी बोलतो तो टीव्ही. खोड ते, नाहीतर आई त्यालाच म्हण!”